बारा तास राबूनही बढती शेजारच्या टेबलावर का जाते?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मी ३६ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं एका छोट्या वर्कशॉपमध्ये काढली आणि नऊ वर्षांपूर्वी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत लागलो. आता सीनियर इंजिनीअर आहे. शिफ्ट साडेआठ ते पाच, पण निघायला रात्रीचे साडेआठ होतात, शनिवारीसुद्धा. ग्राहकाची तक्रार आली की मीच धावतो, मालाची छाननी मीच करून घेतो, ऑडिटच्या आधी फायली मीच लावतो. यंदा असिस्टंट मॅनेजरची जागा माझ्यानंतर चार वर्षांनी आलेल्या मुलाला मिळाली. तो साडेपाचची बस पकडतो. वर्षभरात त्याने एका मशीनवर पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) बसवलं आणि ग्राहकासमोर त्याचं प्रेझेंटेशन केलं, एवढंच. मला मिळाली आठ टक्के वाढ आणि साहेबांचं वाक्य, 'तुझ्यामुळे डिपार्टमेंट चालतं.' वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. 'काम करत राहा, दखल घेतली जातेच,' हे त्यांनी शिकवलं. आता वाटतं, कष्टांना काही अर्थ नाही. मीही चमचेगिरी शिकू का? घड्याळ बघून निघू का? की नोकरीच सोडू?

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुमच्या साहेबांचं आहे. 'तुझ्यामुळे डिपार्टमेंट चालतं' हे तुम्ही कोरडं कौतुक म्हणून सोडून दिलंत, पण बढती का अडली याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. ज्याच्या जिवावर रोजचा गाडा चालतो त्याला वर बसवायचं, तर खाली कोण ओढणार, हा प्रश्न कुठल्याही विभागप्रमुखाला आधी पडतो. तुमची जागा घेईल असा माणूस तयार नाही, म्हणून तुम्ही नऊ वर्षं त्याच जागेवर आहात. हे अन्यायाचं आहे. तुम्हाला राग आला, यात चूक काहीच नाही. पण त्या रागातून 'कष्टांना अर्थ नाही' हा निष्कर्ष निघतो का, ते जरा तपासून बघू.

आधी वडिलांच्या शिकवणीबद्दल. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची वेतनश्रेणी ठरलेली असते, वार्षिक वेतनवाढ ठरलेली असते. १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनंतर अटी पूर्ण झाल्या तर निवडश्रेणी, आणि या सगळ्याच्या मागे सेवाज्येष्ठतेची यादी. म्हणजे तिथे जीव ओतून शिकवणाऱ्या गुरुजींची आणि पाट्या टाकणाऱ्याची पगारवाढ साधारण एकाच दिवशी होते. वडिलांच्या कष्टांची दखल घेतली ती गावाने, पालकांनी, शिकून मोठ्या झालेल्या मुलांनी. पगार वाढवला तो नियमाने. घरात मात्र या दोन गोष्टी एकत्र मिसळून 'काम करत राहा, दखल घेतली जातेच' असं एकच सूत्र तयार झालं आणि ते घेऊन तुम्ही चाकणला आलात. इथे ज्येष्ठतेची यादी नाही. त्यामुळे सूत्राचा दुसरा भाग आपोआप घडत नाही, तो घडवावा लागतो. पहिला भाग, म्हणजे काम निष्ठेने करणं, कृपा करून सोडू नका. तुमच्या हातून जाणारा भाग कुणाच्या तरी गाडीत बसतो.

आता तासांकडे येऊ. साडेआठ ते साडेआठ, सहा दिवस, म्हणजे जेवणाच्या सुट्टीसह आठवड्याला ७२ तास. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांचे तास आणि त्यांचं उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कव्हेल यांनी त्या नोंदी पुन्हा तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं. पुढे वाढीचा वेग घसरत गेला, आणि ७० तास काम करणाऱ्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. ते हातकाम होतं. तुमचं काम नजरेचं आणि डोक्याचं आहे. संध्याकाळी सात वाजता ट्यूबलाइटखाली बर (भागाच्या कडेला राहिलेला धातूचा टोचरा कण) शोधणारी नजर सकाळी नऊची नसते. १०० टक्के छाननी करूनही एखादा खराब पीस निसटतो, तो बहुतेक अशाच वेळी. तब्येतीचा हिशेब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुम्ही ती रेषा कधीच ओलांडली आहे.

पैशांचा हिशेबही कागदावर मांडून बघा. पगार तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून उदाहरणादाखल ५५,००० धरू. समजा 'अपेक्षेप्रमाणे' शेऱ्याला आठ टक्के आणि 'अपेक्षेपेक्षा सरस' शेऱ्याला अकरा टक्के वाढ आहे. फरक तीन टक्क्यांचा, म्हणजे महिन्याला १,६५० रुपये. तुम्ही रोज साडेतीन तास जादा देता. २५ दिवसांचे झाले साडेसत्याऐंशी तास. सगळ्यात चांगला शेरा मिळाला असता, तरी त्या जादा तासाला सुमारे १९ रुपये पडले असते. लाइनवरच्या कामगाराला जादा तासांचे दुप्पट दराने पैसे मिळतात. देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांना ती तरतूद सहसा लागत नाही. म्हणून तुमची संध्याकाळ कंपनीच्या कुठल्याच खात्यावर खर्च म्हणून दिसत नाही, आणि जो खर्च दिसत नाही तो वाचवायची घाई कुणाला नसते. नुसते तास वाढवून बढती मिळत नाही, याचं हे सगळ्यात साधं कारण.

मग कशाने मिळते? त्याचं उत्तर तुमच्या रोजच्या कामातच आहे. क्वालिटीत नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. ग्राहकाची तक्रार आली की पुरवठादाराला आठ टप्प्यांचा अहवाल द्यावा लागतो, त्याला एट-डी म्हणतात. डी-१ म्हणजे टीम, डी-२ म्हणजे दोषाचं नेमकं वर्णन. डी-३ म्हणजे तात्पुरता बंदोबस्त: आपल्या स्टोअरमधला, वाटेतला आणि ग्राहकाच्या लाइनवरचा संशयित माल वेगळा काढायचा, छाननी करायची, चांगल्या मालावर खूण करून तो पुढे सोडायचा. हे ग्राहकाला बहुधा २४ तासांत हवं असतं. डी-४ म्हणजे मूळ कारण शोधणं, डी-५ कायमचा उपाय निवडणं, डी-६ तो बसवून परिणाम तपासणं, डी-७ तोच दोष पुन्हा किंवा दुसऱ्या भागात येऊ नये म्हणून कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं याचा आराखडा), पीएफएमईए (प्रक्रियेत काय काय चुकू शकतं याचा तक्ता) आणि वर्क इन्स्ट्रक्शन बदलणं. डी-८ म्हणजे टीमचं कौतुक.

तुम्ही लिहिलेली कामं या यादीवर ठेवून बघा. धावणं, छाननी करून घेणं, फायली लावणं. यातलं जवळपास सगळं डी-३ आहे, आणि उरलेलं ऑडिटपुरतं आहे. त्या मुलाचं पोका-योके, जे तुम्ही 'एवढंच' म्हणून बाजूला सारलंत, ते डी-५ ते डी-७ आहे. भाग उलटा बसूच नये अशी सोय एकदा मशीनवर झाली की त्या दोषासाठी पुन्हा कुणाला रात्री थांबावं लागत नाही. तो साडेपाचला निघू शकतो त्याचं हेही एक कारण असेल. तो मागेपुढे करणारा असेल किंवा नसेल, ते मला इथून दिसत नाही. पण त्याने केलेलं काम खरं आहे, हे तुम्ही रागातही नाकारू नये असं मला मनापासून वाटतं. ते नाकारलंत, तर पुढचा रस्ता दिसणार नाही.

डी-३ वर अडकून पडणारी माणसं आळशी नसतात, उलट सगळ्यात जबाबदार असतात. लाइन थांबायची वेळ आली की ती उडी घेतात. मूळ कारण शोधायला शांत वेळ उरत नाही, म्हणून अहवालात डी-४ ला 'ऑपरेटरची चूक' आणि डी-५ ला 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' असं लिहून फाइल बंद होते. तीन महिन्यांनी तीच तक्रार परत येते. खरं तर 'का?' हा प्रश्न दोन वाटांनी विचारायचा असतो: दोष तयार का झाला, आणि तयार झाला तर आपल्याकडे पकडला का गेला नाही. दुसरी वाट बहुतेक जण गाळतात. गेज, म्हणजे मोजायचं साधन, दर वेळी तेच माप दाखवतं का, याचा अभ्यास झालाय का? जीआर-अँड-आर, म्हणजे मोजण्यातलीच चूक, ३० टक्क्यांच्या वर असेल तर ते गेज चांगल्या-वाईटात फरकच करत नाही, मग ऑपरेटरला कितीही समज द्या. एमआयटीतले नेल्सन रेपेनिंग आणि जॉन स्टरमन यांनी २००१ मध्ये हेच चक्र दाखवून दिलं होतं. आग विझवणाऱ्याचं सगळ्यांना दिसतं, आग लागूच न देणाऱ्याला श्रेय मिळत नाही. म्हणून सगळे विझवण्यात गुंततात आणि आगी वाढतात. तुमची गंमत अशी की तुमचं विझवणंही आता कुणाला दिसत नाही, कारण नऊ वर्षांत ते गृहीत धरलं गेलं.

बढतीचा निर्णय कसा होतो तेही माहीत असायला हवं. एप्रिल ते मार्च वर्ष धरणाऱ्या बऱ्याच कंपन्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वमूल्यमापन भरून घेतात. त्यानंतर विभागप्रमुख, प्लँट हेड आणि एचआर एकत्र बसून सगळ्यांचे शेरे एका मापाला आणतात. 'सरस' शेरा किती जणांना द्यायचा हे बऱ्याच ठिकाणी आधीच ठरलेलं असतं. त्या खोलीत तुम्ही नसता. प्रत्येकाबद्दल दोन-तीन वाक्यं बोलली जातात. 'फार कष्टाळू आहे, रात्री आठपर्यंत थांबतो' हे वाक्य तिथे उच्चारलं गेलं, तर प्रॉडक्शनचे साहेब मान डोलावतात आणि पुढच्या नावाकडे जातात. 'याने अमुक तक्रार कायमची बंद केली, डेबिट नोट थांबल्या' (म्हणजे खराब मालापोटी ग्राहक पैसे कापायचा ते थांबलं) या वाक्यावर मात्र वाद घालता येत नाही. तुमच्या साहेबांच्या हातात दुसऱ्या प्रकारचं वाक्य नव्हतं. ते त्यांच्या हातात देणं तुमच्यावर आहे.

आता कामाला लागू. पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका, फक्त नोंद ठेवा. खिशातल्या डायरीत तीन रकाने: पुन्हा पुन्हा येणारी आग, दुसऱ्याचं काम आपण केलं ते, आणि दोष कायमचा थांबवणारं काम. दर अर्ध्या तासाला एक रेघ. दुसऱ्या रकान्यात काय काय येतं ते बघून तुम्हालाच नवल वाटेल: सॅपमधल्या (कंपनीच्या संगणक प्रणालीतल्या) नोंदी, स्टोअरचा गेटपास, प्रॉडक्शनने भरायचा तक्ता, दुसऱ्याच्या मीटिंगची स्लाइड. ऑडिटच्या आधी फायली लावणं हेही तिथेच टाका. कॅलिब्रेशनचे दाखले आणि तपासणीचे तक्ते दर महिन्याला ज्याचे त्याने लावले, तर ऑडिटच्या आधी आठवडाभर रात्री जागायचं कारण उरत नाही.

नोंद चालू असतानाच मागच्या बारा महिन्यांच्या ग्राहकाच्या तक्रारी आणि आतलं रिजेक्शन काढून त्यांचा पॅरेटो करा, म्हणजे जास्तीपासून कमीपर्यंत खांबांचा आलेख. सगळ्यात उंच खांब कुठला ते दिसेल. त्यातून एकच दोष निवडा. निवडताना तीन गोष्टी बघा: तो परत परत येतो, त्याचा उपाय तुमच्या विभागाच्या आवाक्यात आहे, आणि त्याचे पैसे मोजता येतात. डिझाइनमधली चूक किंवा ग्राहकाच्या ड्रॉइंगमधला घोळ पहिल्या खेपेला घेऊ नका, तो तुमच्या हाताबाहेरच्या मंजुरीत अडकेल. एका वेळी तीन दोष घेऊ नका. बहुतेकांचं इथेच फसतं.

मग त्या दोषाची किंमत काढा. समजा एका बुशवर (नळीसारख्या छोट्या भागावर) बर राहतो आणि महिन्याला ४०० नग बाद होतात. नगाला ८५ रुपये, म्हणजे ३४,०००. छाननीला दोन माणसं, २६ दिवस, ६५० रुपये रोज, म्हणजे ३३,८००. महिन्यातून एकदा माल तातडीने पाठवायला खास गाडी, ६,०००. एकूण ७३,८०० रुपये महिना, वर्षाला पावणेनऊ लाखांच्या वर. नवं फिक्श्चर (भाग घट्ट धरायची चौकट) आणि टूल बदलण्याची ठरलेली वारंवारिता यांचा खर्च दीड लाखाच्या आत येत असेल, तर पैसे दोन महिन्यांत वसूल. हा हिशेब एका पानावर बसतो. त्याच्याखाली फायनान्सच्या माणसाची सही घ्या किंवा निदान त्याच्याकडून दर तपासून घ्या. तसं केलं नाही तर मीटिंगमध्ये पहिला प्रश्न 'हे आकडे कुठून आणले?' असा येतो आणि सगळं तिथेच बसतं.

हे पान घेऊन साहेबांकडे जा. दिवस निवडून जा. महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत नको, सोमवारी सकाळी नको. बोलणं साधारण असं ठेवा: 'सर, बरच्या तक्रारीवर आपला वर्षाला पावणेनऊ लाख खर्च होतो. मला चार महिने रोज दीड तास सलग यावर द्यायचाय. त्यासाठी छाननीची देखरेख दुसऱ्याकडे द्यावी लागेल. चालेल का?' इथे तुम्ही कष्ट कमी करून मागत नाही आहात, त्यांची जागा बदलून मागता आहात. साहेब 'हो' म्हणाले की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल करा: काय ठरलं, कधीपर्यंत. प्लँट हेडला सीसीत टाकू नका. आपल्याला वगळून तुम्ही वर गेलात असं साहेबांना वाटेल आणि ज्यांनी त्या खोलीत तुमची बाजू मांडायची तेच दुखावतील.

जागा सोडायची तर जागेवर कुणीतरी हवं. दोन ज्युनिअर निवडा. छाननीची पद्धत, मर्यादा दाखवणारे चांगले-वाईट नमुने, ग्राहकाच्या गेटवर कुणाशी बोलायचं, हे सगळं लिहून त्यांच्या हाती द्या. कौशल्य तक्त्यात त्यांची नावं 'देखरेखीखाली करतो' पासून 'स्वतः करतो' पर्यंत न्या, आणि ती नोंद एचआरपर्यंत पोचू द्या. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांच्या हातून काहीतरी चुकेल. त्या क्षणी 'सोड, मीच करतो' असं म्हणून तुम्ही परत गेलात, तर सगळं पूर्ववत होईल. फोनवर मार्गदर्शन करा, पण काम त्यांनाच पुरं करू द्या. हा भाग तुम्हाला सगळ्यात जड जाईल. 'माझ्याशिवाय होत नाही' हे वाक्य आपल्याला थकवतं खरं, पण ते कुठेतरी सुखावतही असतं. ते सोडायला मनाची तयारी लागते.

नवीन काम अंगावर आलं की सरळ 'नाही' म्हणण्यापेक्षा हातातली यादी पुढे करा: 'सर, आज या तीन गोष्टी आहेत. हे चौथं घेतलं तर यातलं कुठलं उद्यावर टाकू?' निर्णय त्यांना घेऊ द्या. महिन्याच्या शेवटी अर्ध्या पानाचं टिपण साहेबांना पाठवा. त्यात विशेषणं नकोत. आधीचा आकडा, आताचा आकडा, काय केलं, काय अडलंय, एवढंच. मार्चमध्ये स्वमूल्यमापन भरायला बसाल तेव्हा या टिपणांतूनच मजकूर निघेल. 'मी वर्षभर प्रामाणिकपणे व जादा वेळ देऊन काम केले' हे वाक्य अनेक जण लिहितात. त्याऐवजी 'बुशवरील बरच्या ग्राहक तक्रारी वर्षात सातवरून शून्यावर, छाननी जुलैपासून बंद, कंट्रोल प्लॅन बदलला, हीच सोय आणखी दोन भागांवर केली' असं काही लिहिता आलं तर बघा. आकडे तुमचे खरे असतील तेच.

बढतीबद्दल थेट विचारायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलमध्ये पत्रं वाटून झाल्यावर साहेब फक्त सांत्वन करू शकतात. तेव्हा विचारा: पुढच्या वर्षी असिस्टंट मॅनेजरची जागा निघणार आहे का? त्या जागेसाठी माझ्यात काय कमी आहे? मार्चपर्यंत काय दाखवलं तर तुम्ही माझं नाव मांडाल? त्या मुलाचं नाव काढू नका. त्याच्याशी तुलना सुरू झाली की साहेब आपल्याच निर्णयाची बाजू घेणार, आणि बोलणं तुमच्यापासून दूर जाणार. उत्तर 'डिग्री नाही' असं आलं, तर ते निदान स्पष्ट आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या वेळेत बी.टेक. काही महाविद्यालयांत करता येतं. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) चा अंतर्गत ऑडिटर, सिक्स सिग्मा (दोष कमी करण्याची पद्धत) ग्रीन बेल्ट या प्रमाणपत्रांनीही काही ठिकाणी वजन वाढतं. मात्र प्रमाणपत्रं जमवण्याआधी त्यांच्याकडून ती अट लेखी किंवा निदान स्पष्ट शब्दांत घ्या. नाहीतर एक कमतरता भरून काढली की दुसरी सांगतात.

तुमचा चमचेगिरीचा प्रश्न इथे आपोआप सुटतो असं मला वाटतं. साहेबांच्या वाढदिवसाचा केक आणणं वेगळं आणि स्वतःच्या कामाचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवणं वेगळं. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलणं म्हणजे मिरवणं, असं घरातून मनावर ठसलेलं असतं. पण तुम्ही गप्प राहिलात तर साहेबांना कळतं ते इतकंच, की सगळं ठीक चाललंय.

घड्याळ बघून निघण्याबद्दल: उद्यापासून एकदम पाचला निघू नका. ते रुसल्यासारखं दिसतं, आणि पहिल्याच आठवड्यात काही बिघडलं तर बोट तुमच्याकडे. पहिल्या महिन्यात आठवड्यातले दोन दिवस सहाला, दुसऱ्या महिन्यात चार दिवस, आणि निघताना ज्युनिअरला कामाचा ताबा लिहून. ग्राहकाची लाइन खरोखर थांबणार असेल त्या रात्री जरूर थांबा. फरक एवढाच की अशी रात्र अपवाद असली पाहिजे आणि तिची टिपणात नोंद झाली पाहिजे.

क्वालिटीबाहेरच्या वाचकांनाही हाच तक्ता लावता येईल. अकाउंट्समध्ये दर महिन्याला जुळत नसलेली तीच बँक एंट्री रात्री बसून जुळवणं हे डी-३. ती का जुळत नाही हे शोधून व्हाउचरची पद्धत बदलणं हे डी-५. सॉफ्टवेअरमध्ये रोज पहाटे बंद पडणारा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) उठून चालू करणं आणि तो पडूच नये असं करणं, यांतही तेच. बायकांना यात आणखी एक जाच असतो. लिंडा बॅबकॉक, लीस व्हेस्टरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं की ज्या कामांनी बढती मिळत नाही, म्हणजे मीटिंगची टिपणं, निरोप समारंभ, नव्या लोकांना फिरवून आणणं, ती कामं बायकांना जास्त सांगितली जातात आणि त्याही जास्त स्वीकारतात. अशा कामांची पाळी लावून घ्या, आणि ती सगळ्यांसमोर लावा.

आता शेवटचा प्रश्न, सोडू का? एक आर्थिक वर्ष वर सांगितल्याप्रमाणे काम करून बघा. तरीही हललं नाही, तर ती जागा कष्टांची किंमत देणारी नाही, असं समजायला हरकत नाही. काही ठिकाणी ते आधीच दिसतं: वरच्या सगळ्या खुर्च्या मालकांच्या नात्यातल्यांकडे, दहा वर्षांत आतून कुणी मॅनेजर झालेला नाही, किंवा साहेब तुमची टिपणं स्वतःच्या नावाने वर पाठवतात. तिथे वर्षभरही थांबू नका. या वर्षात तयार झालेलं ते एक पान आणि त्यातले आकडे मुलाखतीतही उपयोगी पडतील. 'नऊ वर्षांचा अनुभव' सांगणारे बरेच जण येतात, एक दोष मुळातून कसा बंद केला हे टप्प्याटप्प्याने सांगणारे कमी. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, आतली कागदपत्रं मात्र दाखवू नका.

दुसरीकडचं नियुक्तिपत्र हातात पडण्याआधी राजीनाम्याची धमकी देऊ नका. ते हातात असताना इथे वाढीव पगाराचा प्रस्ताव आला, तर पद बदलतंय का तेही विचारा. फक्त रक्कम वाढत असेल तर वर्षभरात तुम्ही परत याच पत्रावर याल. नोटीस पीरियड दोन महिन्यांचा आहे की तीन, हे नियुक्तिपत्रात आधी वाचा. पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून नव्या कंपनीकडे वळवा. आधीच्या वर्कशॉपमध्ये पीएफ कापला जात होता का तेही बघा. तिथली दोन वर्षं जोडली गेली, तर पेन्शन योजनेच्या पात्रतेला लागणारी दहा वर्षं तुमची पूर्ण झालेली आहेत. जोडली नसतील तर अजून एक वर्ष हवं. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर मिळते: शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता गुणिले १५ गुणिले वर्षं, भागिले २६. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २८,००० असेल तर नऊ वर्षांचे साधारण १,४५,३८५ रुपये होतात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी वेतनाची व्याख्या बदलली आहे, म्हणून तुमचा नेमका आकडा एचआरकडून लेखी घ्या. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलत असाल तर जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या, नाहीतर मार्चमध्ये कर कमी कापलेला निघतो आणि एकदम भरावा लागतो.

नोटीसचे दिवस नीट भरा. उघड्या असलेल्या तक्रारी, गेजच्या कॅलिब्रेशनच्या तारखा, ग्राहकाकडे मंजुरीसाठी अडकलेले पीपीएपी (भाग मंजूर करून घ्यायचे कागद), यांची यादी करून सही घेऊन ताबा द्या आणि त्या यादीची सही झालेली प्रत स्वतःकडे ठेवा. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातली क्वालिटीची माणसं एकमेकांना ओळखतात, आणि पुढच्या ठिकाणी तुमच्याबद्दलचा पहिला फोन बहुतेक तुमच्या सध्याच्या साहेबांनाच जाईल.